टीव्हीकडे पाठ केलेली खुर्ची : मराठी वाहिन्यांना दापोलीहून खुले पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन व वृत्तवाहिन्यांवर काय दाखवायचं हे ठरवणारी सर्व मंडळी,
मुंबई.

(दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीच्या मंडळींनीही वाचावं. त्यांच्यासाठी शेवटाकडे चार ओळी आहेत.)

स. न. वि. वि.

दापोली तालुक्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआय करून १९८६ साली सुरू केलं, ते अजून चालू आहे. चालू म्हणजे शटर वर असतं. तुमचा-माझा संबंध तसा जवळचा. तुम्ही मुंबईतून जे सोडता ते इथल्या माणसाच्या पडवीपर्यंत आणायचं शेवटचं काम माझं. माशाच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या अँटेना मी उंच उंच बांबूंवर चढवल्या, शेवाळलेल्या कौलांवरून दोनदा घसरलो, बूस्टर बसवले, मग केबल ओढली, मग डिशच्या छत्र्या लावल्या. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" हा संवाद मी छपरावरून आणि घरातल्यांनी अंगणातून हजार वेळा तरी म्हटला असेल. इतक्या खटाटोपाने जे घरात आणलं त्याबद्दल चार शब्द बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजतो.

पत्र लिहायला कारण झाली ती एक खुर्ची.

आमच्या पाखाडीवर एक काकू राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा नालासोपाऱ्याला, मुलगी पुण्याला. घर मोठं, आगर मोठं आणि राहणारी बाई एकटी. कोकणात अशी घरं मोजायला बसलात तर दिवस पुरणार नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांचा रिमोट बिघडला म्हणून गेलो. टीव्ही मोठ्याने चालू होता, मालिकेत कुणीतरी कुणाच्या तरी दुधात काहीतरी कालवत होतं, आणि काकू खिडकीच्या उजेडात, टीव्हीकडे चक्क पाठ करून सुपारी सोलत बसल्या होत्या. म्हटलं, "काकू, बघत नाही तर बंद का करत नाही?" म्हणाल्या, "बघायला कोण लावतंय? घरात माणसं बोलतायत असं वाटतं."

रविवारी सकाळी साडेनऊला मात्र ती खुर्ची फिरायची. तुमच्यापैकी एका वाहिनीवर तेव्हा अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम लागत असे. एक माणूस यायचा आणि आपल्या कामाबद्दल बोलायचा, एवढंच. विहिरी खणणारा येऊन गेला, मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर आली, पुस्तकांची बांधणी करणारा आला. विचारणारी मुलगी मधे मधे तोंड घालायची नाही. मागे ढोल नाहीत, व्हायोलिन नाही. एकदा तबल्याला शाई चढवणारा कारागीर आला होता. एकेक थर लावून तो दगडाने कसा घोटतात ते त्याने करून दाखवलं. काकू पुढे आठ दिवस येईल त्याला त्या शाईबद्दल सांगत होत्या. मलाच तीनदा सांगितलं.

फाल्गुनात तो कार्यक्रम बंद झाला. आधी सांगणं नाही, नंतर खुलासा नाही. काकूंनी नेहमीप्रमाणे खुर्ची फिरवली तर समोर आदल्या आठवड्याच्या मालिकेचे भाग पुन्हा लावलेले. दोन रविवार त्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या आठवड्यात मला निरोप आला : रिचार्ज संपलं की छत्री काढून ने.

वाहिनीचं नाव लिहीत नाही. आज तिने केलं ते उद्या तुमच्यातल्या दुसऱ्या कुणीही केलं असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

माझ्या मांगरात आज अशा काढून आणलेल्या एकोणीस छत्र्या आहेत. एकीत बायको आमसुलं वाळवते, एकीखाली कोंबडीची पिल्लं झाकते. सगळ्याच काही तुमच्यावर रुसून काढलेल्या नाहीत. काही घरांना कायमचं कुलूप लागलं, काहींनी मोबाईल धरला, काहींनी सरकारी फुकटची छत्री घेतली. पण काढताना मी प्रत्येकाला कारण विचारतो, आणि "बघण्यासारखं असतंय काय?" हे उत्तर मला आठ-नऊ घरी मिळालं. ही माणसं पंडित नाहीत. आंबेवाले, एसटीतून निवृत्त झालेले, मच्छी विकणाऱ्या, प्राथमिक शाळेतल्या बाई.

तुमचं उत्तर मला पाठ आहे. लोकांना हेच हवंय, आकडे बघा. तर आता आकड्यांबद्दलच बोलू, कारण माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार तिथेच आहे.

धंद्यामुळे मला ते थोडंफार कळतं. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर. त्यातल्या पन्नास-साठ हजार घरांत बार्कचं, म्हणजे कोण काय बघतं ते मोजणाऱ्या संस्थेचं, मीटर. वाहिनी आपल्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळून सोडते, मीटर ती खूण ओळखतं, आणि घरातल्या ज्याने त्याने रिमोटवरचं आपापलं बटण दाबायचं असतं. एवढ्याशा नमुन्यावरून एवढ्या देशाचं कसं कळणार, असं लोक विचारतात; मी नाही विचारत. शितावरून भाताची परीक्षा होते. माझी अडचण वेगळी आहे. मीटरला खूण ऐकू येते, पण खुर्चीचं तोंड कुठे आहे ते दिसत नाही. काकूंच्या घरी मीटर असतं तर आठवड्याचे पस्तीस तास तुमच्या मालिकांच्या नावावर जमा झाले असते, आणि ज्या अर्ध्या तासासाठी त्यांनी ते डबडं घरात ठेवलं होतं तो त्यापुढे चिल्लर ठरला असता. आमच्याकडे दिवेलागणीला टीव्ही लावतात तो दिव्यासारखा. दिव्याकडे कुणी टक लावून बसत नाही. तुम्ही त्याला लोकप्रियता म्हणता.

वृत्तवाहिन्यांचं तर याहून मजेशीर. ऑक्टोबर २०२० मध्ये आकड्यांत फेरफार होत असल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला, आणि त्यानंतर बातम्यांचे वाहिनीवार आकडे थेट मार्च २०२२ पर्यंत जाहीरच झाले नाहीत. सतरा महिने. तुमच्यातल्या कुणाला किती माणसं बघतात हे सांगणारं यंत्रच बंद. मला वाटलं आता तरी जरा खालच्या पट्टीत बोलतील. पण पडद्यावरच्या नऊ चौकटी आणि नऊ जणांचा एकदम कालवा तसाच चालू. मग तो कुणाच्या मागणीवरून चालला होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ जुन्या दूरदर्शनच्या आठवणी काढणार. काढणार आहे, पण आरती ओवाळायला नव्हे. जुनं दूरदर्शन बऱ्याचदा कंटाळवाणं होतं. मंत्री फीत कापायचे आणि आम्ही बघायचो. 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी लागली की शिव्या मला पडायच्या, जणू मीच दिल्लीला जाऊन वायर ओढली. पण एक सांगतो. दुपारी दुकानात दुरुस्त केलेला संच तपासायला लावला की त्या वेळी एकच गोष्ट लागायची : विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम, १५ ऑगस्ट १९८४ पासून सुरू झालेले. इंग्रजीतले. माझं इंग्रजी सर्किटच्या नकाशापुरतं. तरीही वर पळणारं चित्र थोपवता थोपवता मी प्रवाळ कसं वाढतं ते पाहिलं, जुनी नाणी कशी वाचतात ते पाहिलं, हृदयाच्या झडपा उघडताना-मिटताना पाहिल्या. तो कार्यक्रम माझ्यासाठी केलेलाच नव्हता. कुणी मला विचारलं असतं, तुला काय हवंय, तर मी 'छायागीत' म्हटलं असतं आणि ते खरंही असतं. माणसाला काय आवडेल हे त्याचं त्यालाही आधी ठाऊक नसतं. समोर आल्यावर कळतं. तुम्ही समोर येऊच देत नाही आणि मग म्हणता मागणी नाही.

आमचे चुलते 'आमची माती, आमची माणसं' लागलं की पेन्सिल घेऊन बसत. पोफळींना कोळे रोग लागू नये म्हणून पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण मारतात : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हे प्रमाण त्यांनी कार्यक्रम चालू असताना पडवीच्या भिंतीवर लिहून ठेवलं. चुलते गेले, भिंतीला दोनदा रंग दिला, पण तेवढा तुकडा आम्ही सोडून रंगवतो. तुमच्या गेल्या पाच वर्षांतल्या कुठल्या कार्यक्रमातलं काय कुणी भिंतीवर लिहून ठेवावं, हे एकदा चहा पिता पिता आपापसात विचारून बघा.

खासगी वाहिन्यांनी काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झाली तेव्हा रात्रीच्या वेळी मराठीत, मराठी घरातली, नोकरी करणारी, भाडं भरणारी माणसं दिसू लागली आणि आम्ही खूश झालो होतो. पुढे काय बिनसलं ते तुम्हीच जाणा. आज मालिकेतल्या घराला पाच जिने असतात आणि एकालाही लाईट बिल येत नाही.

यावरून माझी दुसरी तक्रार. कोकण तुम्हाला फार आवडतं. माडांची रांग, लाल माती, कौलारू घर, आणि त्या घरात एक भूत नाहीतर एक खून. २०१६ मध्ये आलेल्या 'रात्रीस खेळ चाले'ने मालवणी बोली रोज रात्री अख्ख्या महाराष्ट्राला ऐकवली, हे श्रेय द्यायलाच हवं. नटमंडळीही कसलेली होती. मालिकेत दिसणारं आकेरीचं ते घर बघायला लोक गाड्या करून आले. पण त्यानंतर तुम्ही ठरवूनच टाकलंत की कोकण म्हणजे मालवणी, आणि मालवणी म्हणजे भुताटकी नाहीतर चेष्टा. अहो, आम्ही दापोलीकर तसं बोलत नाही. बाणकोटपासून बांद्यापर्यंत दर खाडीला बोली वळण घेते. हर्णैच्या कोळीवाड्यातली वेगळी, डोंगरातल्या कुणबीवाडीतली वेगळी, मुसलमान मोहल्ल्यातली आणखी वेगळी. तुमच्या मालिकेतला 'कोकणी' माणूस यातलं कुठलंच बोलत नाही, नुसता हेल काढतो.

आणि ही माणसं करतात काय? मागे एकदा काकूंनी पाठ न वळवताच विचारलं होतं, "ह्यांच्याकडे कुणी कामाला जात नाही का रे? पैसे येतात कुठून?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तुमच्याकडे असेल तर कळवा.

इकडे काय घडतं ते मी सांगतो. आंब्याला मोहोर आला की राखणीला नेपाळहून कुटुंबं येतात आणि हंगामभर बागेतल्या खोपटात राहतात. त्यांची मुलं इथे मराठी शिकतात, काही जण शाळेत आमच्या पोरांच्या शेजारी बसतात, आणि पाऊस जवळ आला की निघून जातात. ह्यात मालिका नाही? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत खलाशाच्या घरात काय शिजतं, यात नाट्य नाही? समुद्रात एलईडी दिवे लावून मासेमारी करायला नोव्हेंबर २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो आणि किनाऱ्यावर छोट्या होडीवाल्याचं रक्त उकळतं. भाऊ भावाविरुद्ध उभा आहे, एक होडीत, दुसरा ट्रॉलरवर. तुम्हाला भांडणंच हवीत ना? ही घ्या की. विषाची बाटली लागत नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; त्यानंतरही कुठला आंबा कुठल्या नावाने विकला जातो याची गोष्ट कुठल्याही कटकारस्थानाला मागे टाकेल.

तीच गत माहितीपर कार्यक्रमांची. पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत, आमच्याच तालुक्यात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या माळांवरची, कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. हत्ती, मासे, माणसं, कुणी आणि कधी कोरली यावर जाणकार अजून डोकं खाजवतायत. वेळासला आणि अंजर्ल्याला गावकरी कासवांची अंडी राखतात. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथे मसाल्याच्या झाडांपासून माशांपर्यंत सगळ्याची जाणती माणसं भेटतात आणि त्यातली कित्येक सुरेख मराठी बोलतात. तुमची गाडी मात्र येते ती 'थर्टी फर्स्टला पर्यटकांची गर्दी' दाखवायला. आली की आधी उंटावर बसलेला माणूस शोधते.

तिसरी तक्रार वृत्तवाहिन्यांकडे, आणि ती मी जरा जपून लिहितो, कारण अजून राग येतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मी बसवलेल्या छत्र्या पतंगासारख्या उडाल्या. एक पलीकडच्या वाडीतल्या फणसात अडकलेली मिळाली. पण छत्र्यांचं काय घेऊन बसलात, माणसांची छपरं गेली, पोफळी आणि माड आगरात एकावर एक आडवे झाले. खांब पडले, फोन मुके झाले. आमच्या वाडीत वीज यायला सव्वीस दिवस लागले. त्या दिवसांत मुंबईच्या नातेवाईकांशी कसाबसा फोन लागला तर ते म्हणाले, टीव्हीवर 'मुंबईवरचं संकट टळलं' असं चालू आहे. खरंच टळलं होतं. ते आमच्यावर आलं होतं.

वीज आली त्या संध्याकाळी पहिला टीव्ही माझ्या दुकानात लागला. दहा-बारा माणसं ताडपत्रीखाली उभी राहिली, आपल्याकडचं काय दाखवतात, भरपाईचं काय म्हणतात ते ऐकायला. एकामागून एक वाहिनी लावली. सगळीकडे मुंबईतल्या एका नटाच्या मृत्यूची चर्चा. गेलेल्याबद्दल आदर आहे, वय जाण्यासारखं नव्हतं. पण पाऊण तास आम्ही उभे होतो आणि रत्नागिरी जिल्ह्याचं नाव एकदाही आलं नाही. एक जण म्हणाला, "बंद कर, बॅटऱ्या चार्ज करून घेऊ." केला बंद.

पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे २०२० मध्ये झोपलेल्या बागेचा हिशेब आज कुठे लागतोय. कुणी पुन्हा लावली, कुणी जमीन विकली आणि कुणाला, हे बघायला तुमच्यातलं कोण परत आलं? २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हाही तेच. पाणी चढताना आलात, ओसरताना गेलात. चिखल काढणाऱ्या बाईच्या तोंडापुढे दांडका धरून "आता कसं वाटतंय?" विचारलंत.

बाकी तक्रारी भराभर सांगतो. केबल टेलिव्हिजन नियम १९९४ प्रमाणे तासाला बारा मिनिटांहून जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत, त्यात तुमच्या स्वतःच्या जाहिरातीही आल्या. एका रात्री मी घड्याळ घेऊन बसलो. आठ ते साडेआठच्या मालिकेत गोष्ट सोळा मिनिटं, 'मागील भागात' आणि 'पुढील भागात' मिळून तीन, जाहिराती अकरा. अर्ध्या तासाला सहा मिनिटं बसायला हवीत. सोळा मिनिटांतही एका थोबाडीत मारण्याचा आवाज तीनदा आणि त्यावर सात जणांचे चेहरे. हे सगळं फुकट असतं तर एक वेळ ठीक. फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून पैसे भरायची पद्धत आली. ती काकूंना समजावून सांगताना माझी दुपार गेली. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे जाहिराती बघायचे पैसे मीच द्यायचे?"

आणि आता एक गोष्ट जी फार थोड्या प्रेक्षकांना माहीत आहे, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, क्रीडा किंवा वन्यजीवनासारख्या वाहिन्या वगळता, प्रत्येक वाहिनीने रोज तीस मिनिटं लोकहिताचा मजकूर दाखवायचा आहे. विषयही दिलेत : शिक्षण, शेती आणि ग्रामविकास, आरोग्य, विज्ञान, स्त्रिया आणि दुर्बल घटकांचं हित, पर्यावरण आणि सांस्कृतिक वारसा, राष्ट्रीय एकात्मता. १ मार्च २०२३ पासून हे लागू आहे. मध्यरात्र ते सकाळी सहा ही वेळ धरली जात नाही, आणि दर महिन्याला त्याचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. तीस मिनिटं सलग नसली तरी चालतात, तुकडे करून मालिकेतही घालता येतात. ही पळवाट मला दिसते. सूनबाईंनी एका प्रसंगात "ओला कचरा वेगळा ठेवा हं" म्हटलं की लागली का मिनिटं वहीत? माझा आरोप नाही, प्रश्न आहे. आम्हाला तो अर्धा तास कधी दिसला नाही. तुम्ही सरकारला कळवता तर आम्हालाही कळवा.

"मोबाईलवर सगळं आहे, तिथे बघा" असं कुणी सुचवेल. आमच्या पाखाडीवर रेंज आंब्याच्या पाराजवळ मिळते. काकूंनी तिथे जाऊन बसायचं काय?

सह्याद्रीच्या मंडळींनो, तुमच्यावर मी कमी चिडतो, कारण आजही सकाळ-दुपारी चॅनेल फिरवताना शांत आवाजात, पूर्ण वाक्यात कुणी मराठी बोलताना सापडलं तर बहुतेक वेळा ते तुमच्याकडे असतं. शेतीचं तुम्ही सोडलं नाहीत. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यातलं जे जपून राहिलं आहे ते थोर आहे. पण तुम्ही स्वतःच स्वतःला अडगळीत टाकल्यासारखे वागता. ती सरकारी फुकटची छत्री, फ्री डिश, २००४ पासून आहे, महिन्याला दमडी लागत नाही, तुम्ही तिच्यावर आहात. माझ्याच हाताने मी कित्येक घरी ती बसवली. काय कधी लागणार हे मात्र लोकांना मी सांगायचं. पूर्वी आठवड्याचे कार्यक्रम सांगणारी 'साप्ताहिकी' होती, तेवढं तरी परत आणा. २०१७ मध्ये स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या आल्या, फुकट. बहुतेक शिकवणं इंग्रजी-हिंदीत. त्यातलं निवडक मराठीत करून तुम्ही दाखवलं तर आमच्या पोरांना दापोलीला क्लासला जायची एसटी पकडावी लागणार नाही.

आता मागण्या. आकाशातला चंद्र मागत नाही, मालिका बंद करा असंही म्हणत नाही.

खासगी मनोरंजन वाहिन्यांनी आठवड्यातून एक तास, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, असा कार्यक्रम द्यावा ज्यात माणूस शांतपणे काहीतरी सांगेल किंवा करून दाखवेल. पहाटे नको, रविवारी दुपारी जेवून सगळे आडवे झालेले असताना नको. आणि तो सव्वीस आठवडे आकडे न बघता चालवावा. आंब्याचं कलमसुद्धा लावल्याच्या दुसऱ्या महिन्यात फळ देत नाही म्हणून कुणी उपटत नाही.

रोजची ती तीस मिनिटं कुठे आणि किती वाजता दाखवली हे त्याच दिवशी पडद्यावर लिहावं.

चालू कार्यक्रम बंद करायचा तर पंधरा दिवस आधी सांगावं. एवढा साधा शिष्टाचार दूधवालाही पाळतो.

कोकणातली गोष्ट करायची तर लिहिणाऱ्यांच्या खोलीत त्या तालुक्यातलं एक माणूस बसवा, पगार देऊन. पात्रांना कामधंदा द्या.

वृत्तवाहिन्यांनी आपत्तीनंतर महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच गावात परत जावं, त्याच माणसांना भेटावं. चार लोकांची गाडी, एक दिवस. आणि वादळाच्या काळात वीज कुठवर आली, कुठला रस्ता उघडला, पंचनाम्याला काय कागद लागतात, हे दर तासाला साध्या अक्षरांत दाखवावं. ओरडण्याची गरज नाही, आम्ही वाचतो.

शेवटची मागणी माझ्या गिऱ्हाइकांची. मराठी कार्यक्रमांखाली मराठी अक्षरं द्या. आमच्याकडे टीव्ही बघणाऱ्यांत साठीच्या पुढचे फार, निम्म्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज तिसऱ्या घरापर्यंत जातो. ऐकू न येणाऱ्यांसाठी केंद्राने २०१९ मध्ये मानकं काढली आहेत, ती शोधून वाचा.

उत्तर पाठवायचं असेल तर इथेच, सगळ्यांना दिसेल असं द्या.

काकूंची छत्री अजून काढलेली नाही. त्यांचं रिचार्ज आषाढात संपलं. पाना घेऊन गेलो तर म्हणाल्या, "गणपतीत पोरं येतील, त्यांना मॅच लागते. महिन्याभराचं मारून दे आणि तोवर राहू दे. मग ने." वाऱ्याने छत्री थोडी वाकली होती. सरळ करून, नट आवळून आलो.

आपला,
टीव्ही दुरुस्त करणारा,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी